मूल राहण्यावर कशाकशाचा परिणाम होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही, पण वय ३५ च्या पुढे असेल तर प्रश्न २ आणि ७ आधी वाचा. दिवस न राहण्याची बरीच कारणं शोधता येतात आणि त्यांतल्या अनेकांवर उपाय आहे. नुकसान जास्त होतं ते चुकीच्या क्रमाने तपासण्या करण्यात आणि वाट बघण्यात गेलेल्या महिन्यांमुळे. उत्तरं लिहिताना हेच डोक्यात ठेवलं आहे.

१. सहा महिने झाले, दिवस राहत नाहीत. माझ्यात काही दोष आहे का?

बहुधा नाही. तिशीच्या आसपासच्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. नियमित संबंध असलेल्या १०० जोडप्यांपैकी ८० ते ८५ जोडप्यांमध्ये वर्षभरात गर्भ राहतो. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात यश येतं. नियमित म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी. नोकरीपायी दोघं वेगवेगळ्या गावी राहत असाल आणि महिन्यातून एकदाच भेट होत असेल, तर ते सहा महिने पूर्ण धरता येत नाहीत.

२. मग डॉक्टरांकडे नेमकं कधी जायचं?

वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून. ३५ पूर्ण झाली असतील तर सहा महिन्यांनी. चाळिशी ओलांडली असेल तर प्रयत्न सुरू करतानाच.

काही जणींनी मात्र वय कितीही असलं तरी थांबू नये. पाळी दोन-दोन महिने येत नाही, पाळीत असह्य दुखतं, आधी ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला होता, अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं होतं, केमोथेरपी घेतली आहे, दोन किंवा जास्त गर्भपात आपोआप झाले आहेत, किंवा जोडीदाराच्या बाजूची अडचण आधीच माहीत आहे: यांतलं काहीही असेल तर वर्षभर थांबण्यात अर्थ नाही.

३. तपासण्या माझ्यापासूनच का सुरू होतात? नवरा म्हणतो, "मला काही झालेलं नाही."

त्यांच्यापासूनही सुरू व्हायला हव्यात, आणि त्याच आठवड्यात. मूल न राहणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीला सापडतं. संबंध व्यवस्थित होतात, शरीर धडधाकट आहे, यावरून शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कळत नाही. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे. त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळायचं, एवढंच पथ्य. अहवाल खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि मध्ये येऊन गेलेल्या जोराच्या तापाचाही परिणाम अहवालात दिसतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणू तयार होणं बंद पाडू शकतात. हे डॉक्टरांपासून हमखास लपवलं जातं, म्हणून इथे लिहिलं.

बाईची दुर्बिणीतून तपासणी झाली, दोन-तीन महिने गोळ्या झाल्या आणि मग नवऱ्याचा पहिला अहवाल आला, हा उलटा क्रम आजही सर्रास दिसतो. तो मान्य करू नका.

४. महिन्यातले कोणते दिवस महत्त्वाचे?

बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे एकूण सहा दिवस. सुटलेलं बीज १२ ते २४ तासच टिकतं, पण शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे बीज सुटायच्या आधीचे दोन दिवस सगळ्यांत मोलाचे. या काळात रोज किंवा दिवसाआड संबंध आला तरी पुरे. "शुक्राणू साठवण्यासाठी" आठवडाभर थांबण्याने फायदा होत नाही.

शरीर स्वतःच खूण देतं. बीज सुटायचे दिवस जवळ आले की योनीतला स्राव पातळ, पारदर्शक आणि निसरडा होतो. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी त्याची तार निघते. बीज सुटल्यावर एक-दोन दिवसांत तो पुन्हा घट्ट, चिकट, पांढरट होतो. सकाळी उठल्या उठल्या ताप मोजण्याची पद्धतही आहे, पण तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास वाढतं ते बीज सुटून गेल्यावर. बीज सुटल्याची खात्री पटते, त्या महिन्याच्या प्रयत्नांना मात्र उशीर झालेला असतो.

५. माझी पाळी ३५ दिवसांनी येते. मी पण चौदावा दिवसच धरायचा का?

नाही. १४ वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब आहे. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण १४ दिवस. लांबतो किंवा आखडतो तो त्याआधीचा काळ. म्हणून ३५ दिवसांच्या पाळीत बीज २१ व्या दिवसाच्या आसपास सुटेल आणि महत्त्वाचे दिवस १६ ते २१ असतील. चौदाव्या दिवसाभोवती प्रयत्न करून मग दमून थांबणाऱ्या बाईचे नेमके हेच दिवस हुकतात. मोबाइलवरची अ‍ॅपही बहुधा असाच सरासरीवर अंदाज बांधतात.

लघवीवर करायच्या बीजचाचणीच्या पट्ट्या एलएच हार्मोनची उसळी दाखवतात. उसळीनंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं आणि पट्टी उगाचच "हो" म्हणते. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

६. पाळी घड्याळासारखी नियमित आहे. म्हणजे बीज तयार होतंच ना?

बहुतेक वेळा होय. २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने, दर महिन्याला जवळपास सारखीच येणारी पाळी हे बीज सुटत असल्याचं चांगलं लक्षण आहे. खात्री हवी असेल तर पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) तपासतात. ही तपासणी "एकविसाव्या दिवशी" सांगतात, पण ते पुन्हा २८ दिवसांच्या पाळीपुरतं. ३५ दिवसांची पाळी असलेल्या बाईने २१ व्या दिवशी रक्त दिलं तर अहवाल कमी येणारच. त्यावरून "बीज सुटत नाही" असा शिक्का बसलेल्या कितीतरी जणी आहेत.

नियमित पाळीवरून नळ्या (बीजवाहिन्या) मोकळ्या आहेत की नाही किंवा बीजाचा दर्जा कसा आहे, हे कळत नाही.

७. मी ३८ ची आहे, रोज पळते, तिशीतली दिसते. वयाचा खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. आणि या पानावरच्या सगळ्या कारणांत हेच एक असं आहे, ज्यावर औषध नाही.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. नवीन बीज पुढे आयुष्यात तयार होत नाही. दर महिन्याला एक बीज सुटतं, पण त्याच्याबरोबर वाढायला लागलेली बाकीची कितीतरी विरून जातात. गोळ्या घेतल्या, पाळी थांबली, गरोदरपण आलं, तरी ही गळती सुरूच असते.

संख्येपेक्षा मोठा प्रश्न दर्जाचा आहे. ३८ व्या वर्षी सुटणारं बीज तुमच्या जन्माआधीच तयार होऊन विभाजनाच्या मध्यावर थांबलेलं असतं. ते विभाजन पुढे सुरू होतं ते बीज सुटताना. इतकी वर्षं थांबल्यावर गुणसूत्रं बरोबर निम्मी-निम्मी वाटण्याची यंत्रणा चुकू लागते. गुणसूत्र जास्त किंवा कमी असलेला गर्भ बहुतेक वेळा रुजत नाही किंवा काही आठवड्यांत पडतो. म्हणून चाळिशीला दर महिन्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास येते आणि गर्भपाताचं प्रमाण वाढतं: पंचविशीच्या पुढे दहातल्या एकीला, तर ४५ नंतर निम्म्याहून जास्त जणींना.

पळण्याने हृदय, वजन, साखर, झोप सगळं सुधारतं. गरोदरपण पेलायला त्याचा उपयोगही होतो. अंडाशयाचं वय मात्र त्याने बदलत नाही. आणि हो, आयव्हीएफही (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) ते बदलत नाही. स्वतःचंच बीज वापरायचं असेल तर तिथेही वय लागू होतं. "नाहीतर आहेच की टेस्ट ट्यूब" या भरवशावर चाळिशी गाठू नये, हे आम्ही थोडं कठोरपणे सांगतो.

८. एएमएच ०.९ आला. आता आई होणं अशक्य आहे का?

नाही. एएमएच ही तपासणी अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देते. त्यांचा दर्जा ती सांगत नाही, आणि महिन्याला तुम्हाला एकच चांगलं बीज हवं असतं. ३० ते ४४ वयाच्या, मूल न राहण्याचा इतिहास नसलेल्या स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही.

या आकड्याचा खरा उपयोग आयव्हीएफमध्ये इंजेक्शनचा डोस ठरवताना आणि किती बीजं मिळतील याचा अंदाज बांधताना होतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा मुळात कमी दिसू शकतो. २९ वर्षांच्या बाईचा ०.९ आणि ४१ वर्षांच्या बाईचा ०.९ यांचा अर्थ वेगळा. पहिलीने घाबरण्यापेक्षा प्रयत्न पुढे न ढकलणं महत्त्वाचं. उत्सुकता म्हणून, काहीही कारण नसताना ही तपासणी करून घेऊ नये, असं आमचं मत आहे.

९. पीसीओएस आहे. डॉक्टर म्हणाले अंडाशयात गाठी आहेत. मूल होईल का?

होण्याची शक्यता चांगली आहे. मूल न राहण्याच्या कारणांत उपचारांना उत्तम दाद देणारं हे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननवयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना ते असतं.

सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात. बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्या अर्ध्यावर अडकून राहिलेल्या असतात, आणि त्या काढून टाकायच्या नसतात. नुसत्या सोनोग्राफीवरून निदानही करू नये. मोठ्या स्त्रियांमध्ये तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन वाढल्याची चिन्हं किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीतलं चित्र. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) यांचा घोळ आधी वगळावा लागतो (प्रश्न १४).

अडचण बीज वेळेवर न सुटण्याची असते, बीज नसण्याची नव्हे. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी केल्यावरही अनेकींची पाळी मार्गावर येते. मग गोळ्यांनी बीज वाढवतात. त्यात लेट्रोझोल हे आता पहिल्या पसंतीचं औषध आहे. या गोळ्या सोनोग्राफीच्या देखरेखीशिवाय महिनोन्महिने घेऊ नका. बारीक अंगकाठीच्या बाईलाही पीसीओएस असतो, तिला "वजन कमी कर" सांगून उपयोग नाही.

मूल नको असतानाही पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर ते अंगावर काढू नये, कारण गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं.

१०. पाळीत इतकं दुखतं की दोन दिवस उठवत नाही. सगळ्या म्हणतात, मूल झालं की जाईल.

हे ऐकत ऐकत बायकांची आठ-दहा वर्षं जातात. कामावर जाता येत नाही इतकं दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं, पाळीत शौचाला बसताना कळ येणं, ही एंडोमेट्रिओसिसची लक्षणं असू शकतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक बाहेर अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यांवर वाढतं. दर पाळीला तिथे सूज येते आणि अवयव एकमेकांना चिकटतात. साधारण दहातल्या एका स्त्रीला हा आजार असतो.

यात दोन चकवे आहेत. दुखणं किती, यावरून आजार किती पसरला हे कळत नाही. आणि सोनोग्राफी साफ आली म्हणजे आजार नाही असंही नाही. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठून झालेली गाठ) सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या अस्तरावरचे बारीक ठिपके दिसत नाहीत.

आजार असूनही अनेकींना आपोआप दिवस राहतात. ऑपरेशन सुचवलं असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: सिस्ट काढताना शेजारची चांगली बीजं किती जातील? ती काही प्रमाणात जातातच. म्हणून मूल हवं असलेल्या बाईचं त्याच अंडाशयावर पुन्हा पुन्हा ऑपरेशन करणं आता टाळतात.

११. सोनोग्राफी नॉर्मल आहे. मग नळ्यांची वेगळी तपासणी कशाला?

कारण निरोगी बीजवाहिन्या साध्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत. पाणी भरून फुगलेली नळी तेवढी दिसते. नळ्या बघायला एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला गर्भाशयाचा आणि नळ्यांचा एक्स-रे, करतात. पाळी संपल्यावर आणि बीज सुटायच्या आधी, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसादरम्यान.

एक्स-रेच्या टेबलावर पाय दुमडून झोपवतात. अंतर्गत तपासणीसारखंच उपकरण लावून गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी आत घालतात आणि हळूहळू औषध सोडतात. पडद्यावर आधी गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण भरतो. मग त्याच्या दोन कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या बारीक रेषा बाहेर पडतात, आणि टोकाला औषध पोटात सांडून पसरलं की नळी मोकळी. औषध जोरात गेलं तर पाळीसारखी कळ येते आणि बहुधा काही मिनिटांत ओसरते. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, हे विचारून ठेवा.

अहवालात "गर्भाशयालगत नळी बंद" आलं तर लगेच खचू नका. कळ येऊन स्नायू आखडले तरी मोकळी नळी बंद दिसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत तेलयुक्त औषध वापरलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के होतं, पाण्यातलं औषध वापरलेल्यांत २९ टक्के. तपासणीचाच थोडा उपचार झाला म्हणायचा.

१२. नळ्या कशामुळे बंद होतात? अंगावरून पांढरं जातं, त्यामुळे का?

नेहमीचं पांढरं जाणं हे कारण नाही. क्लॅमिडिया आणि गनोरिया हे लैंगिक संबंधांतून येणारे संसर्ग मुख्य. क्लॅमिडिया बहुतेक वेळा काहीच लक्षण न दाखवता नळ्यांना इजा करतो. जननमार्गाचा क्षयरोग, फुटलेलं अपेंडिक्स, ओटीपोटाची ऑपरेशनं, बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर झालेला जंतुसंसर्ग आणि एंडोमेट्रिओसिस ही बाकीची कारणं. वास येणारा, रंग बदललेला, खाज सुटणारा स्राव मात्र दाखवून घ्या.

नळीत पाणी साठलं असेल तर आयव्हीएफच्या आधी ती काढतात किंवा बांधतात. ते पाणी गर्भाशयात झिरपून गर्भ रुजू देत नाही.

१३. फायब्रॉइडची गाठ आहे. आधी ती काढायची का?

गाठ कुठे आहे त्यावर ठरतं. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी गाठ लहान असली तरी अडथळा आणते आणि काढण्याचा फायदा होतो. बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ मोठी दिसली तरी दिवस राहण्याच्या आड सहसा येत नाही. भिंतीतल्या गाठींबाबत डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. तिथे आकार, संख्या, वय, आधीचे गर्भपात बघून निर्णय होतो. मोठं ऑपरेशन झालं तर जखम भरेपर्यंत काही महिने प्रयत्न थांबवावे लागतात, हेही हिशोबात धरा.

१४. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन का तपासतात?

दोन्हींमुळे बीज सुटणं बिघडतं आणि दोन्हींवर गोळ्या आहेत. थायरॉइड कमी असेल तर गर्भपाताची शक्यताही वाढते. गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा, डोस बहुधा वाढवावा लागतो.

प्रोलॅक्टिन थोडंसंच वाढलेलं असेल तर आधी पुन्हा तपासा. सुई टोचताना आलेला ताण, उलटीवरची काही औषधं (डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड) आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही ते वाढतं. आणि केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्यांनी थायरॉइडचा अहवाल फसवा येऊ शकतो.

१५. वजनाचा संबंध किती?

दोन्ही टोकांना आहे. बीएमआय ३० च्या वर गेला की बीज सुटण्यात अडथळे वाढतात, गर्भपाताचा आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोकाही. १८.५ च्या खाली गेला, जेवण फार कमी झालं किंवा व्यायाम टोकाचा झाला तर मेंदूकडून अंडाशयांना जाणारा संदेशच मंदावतो आणि पाळी थांबते. इथे उपाय औषधाआधी पोटभर खाण्याचा आणि व्यायाम कमी करण्याचा.

वजन कमी करणं चांगलंच, पण वय बघून. २८ व्या वर्षी सहा-आठ महिने वजनासाठी देता येतात. ३९ व्या वर्षी दोन वर्षं त्यात घालवली तर मिळालं त्याहून जास्त जाईल.

१६. सिगारेट, दारू, कॉफी?

सिगारेट पूर्ण बंद. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा साधारण एक ते चार वर्षं आधी जाते, आणि घरातल्या दुसऱ्याच्या धुराचाही त्रास होतो. दारूचं सुरक्षित प्रमाण गरोदरपणात ठरवता आलेलं नाही, आणि पाळी चुकेपर्यंत गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. म्हणून प्रयत्नांच्या काळातच सोडणं बरं. कॉफी-चहा सोडायची गरज नाही, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहा.

१७. सगळे म्हणतात, "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील." खरं आहे का?

रोजच्या ताणाने मूल राहत नाही, असा ठोस पुरावा नाही. फार तीव्र ताण, झोप-जेवण विस्कटणं, वजन उतरणं यांनी पाळी थांबू शकते, आणि ताणामुळे संबंधही कमी होतात. पण बंद नळी शांत मनाने उघडत नाही. हा सल्ला बाईच्या माथी दोष मारतो आणि तपासणी लांबवतो, म्हणून तो आम्हाला आवडत नाही. मन हलकं करण्यासाठी मदत जरूर घ्या, ती स्वतःसाठी.

१८. पाच वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. आता त्रास होईल का?

नाही. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत सुरळीत होते. कॉपर टी काढल्यावर लगेच त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. अपवाद तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा: शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ-दहा महिने, कधी वर्षभरही लागतो.

गोळ्यांवर येतो तो रक्तस्राव खरी पाळी नसते. गोळ्यांच्या आधीपासूनच असलेली अनियमितता त्या झाकून ठेवतात, बंद केल्यावर ती उघड होते आणि खापर गोळ्यांवर फुटतं.

१९. पूर्वी गर्भपात करून घेतला होता. त्याचा परिणाम आहे का?

सुरक्षित ठिकाणी, गुंतागुंतीशिवाय झालेल्या गर्भपाताने पुढे मूल राहण्यावर परिणाम होत नाही. मनात अपराधभाव घेऊन बसू नका. पण एक खूण लक्षात ठेवा: क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली, नुसते डाग दिसू लागले किंवा पाळीच्या तारखेला पोट दुखतं पण रक्त येत नाही. तेव्हा गर्भाशयाच्या भिंती आतून चिकटल्या असण्याची शंका घ्यावी लागते. गर्भाशयात दुर्बीण घालून त्या सोडवता येतात. नंतर जंतुसंसर्ग झाला असेल तर प्रश्न ११ आणि १२.

२०. पहिल्या वेळी दोन महिन्यांत राहिलं. दुसऱ्यासाठी तीन वर्षं वाट बघतोय.

पहिलं मूल म्हणजे कायमचं प्रमाणपत्र नव्हे. मधल्या काळात दोघांची वयं वाढली, वजन बदललं, बाळंतपणानंतर संसर्ग झाला असेल, सिझेरियनच्या व्रणाजागी खाच पडून तिथे रक्त साठत असेल, शुक्राणूंची संख्या घटली असेल. तपासण्या त्याच आणि थांबण्याच्या मुदतीही प्रश्न २ मधल्याच. "एक आहे ना" म्हणून डॉक्टरांकडे उशिरा जाणं, हेच यात जास्त दिसतं.

अंगावर पाजत असाल तर पाळी उशिरा येते. मात्र पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं.

२१. एक नळी काढली आहे. दर दोन महिन्यांनीच चान्स का?

नाही. अंडाशयं आळीपाळीने काम करतात असा नियम नाही, आणि उरलेली नळी दुसऱ्या बाजूच्या अंडाशयातलं बीजही टिपू शकते. त्यामुळे शक्यता निम्म्याने घटत नाही. एकच अंडाशय असलं तरी ते दर महिन्याला बीज सोडतं.

नळी काढली ती गर्भ नळीत राहिल्यामुळे असेल तर पुढच्या वेळी तसंच होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. दिवस राहिले की पाचव्या-सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी करा.

२२. गर्भाशय मागे झुकलेलं आहे. संबंधानंतर वीर्य बाहेर येतं. पाय वर करून झोपावं का?

तिन्हींची काळजी सोडा. मागे झुकलेलं गर्भाशय ही नैसर्गिक ठेवण आहे. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडातून आत पोहोचतात, बाहेर येतो तो उरलेला द्रव. कोणत्याही विशिष्ट स्थितीचा फायदा सिद्ध झालेला नाही.

दोन साध्या गोष्टी मात्र नडू शकतात. बाजारातली बरीच वंगणं शुक्राणूंची हालचाल मंदावतात. आणि संधिवातासाठी वगैरे रोज घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बीज फुटून बाहेर पडणं रोखू शकतात. औषध बंद केल्यावर हा परिणाम जातो, पण स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

२३. दोघांचे सगळे अहवाल नॉर्मल आहेत. मग का राहत नाही?

कारण तपासण्यांना मर्यादा आहेत. बीजाचा दर्जा, बीज आणि शुक्राणूंचं मीलन, गर्भ रुजणं या गोष्टी नेहमीच्या तपासण्यांत मोजता येत नाहीत. वय कमी असेल आणि दोनच वर्षं झाली असतील तर आपोआप राहण्याची शक्यता अजून चांगली असते. वय जास्त असेल तर पुढचं पाऊल लवकर उचलावं. महागड्या, "रोगप्रतिकारशक्तीच्या" तपासण्यांची लांबलचक यादी हातात पडली तर प्रत्येकीसमोर एकच प्रश्न विचारा: अहवाल काहीही आला तरी माझे उपचार बदलणार आहेत का?

२४. कॅन्सरचे उपचार सुरू व्हायचे आहेत. नंतर मूल होईल?

हा प्रश्न केमोथेरपीचा पहिला डोस घेण्याआधी विचारायचा आहे. सायक्लोफॉस्फमाइडसारखी काही औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन बीजांचा साठा मोठ्या प्रमाणात नष्ट करतात. काही औषधांनी फारसं बिघडत नाही. बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते पाळीच्या कोणत्याही दिवसापासून सुरू करता येतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

२५. सोळा-सतरा वर्षं झाली तरी मुलीला पाळीच आली नाही. पुढे काय?

१५ व्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर तपासणी करायलाच हवी. शरीराची वाढ नीट झालेली असून पाळी नसेल तर मार्गात पडदा असू शकतो, तो छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. साधारण ५,००० मुलींमागे एकीला गर्भाशय जन्मतःच नसतं किंवा अपुरं असतं, अंडाशयं मात्र नीट काम करतात. तिला स्वतः गरोदर राहता येत नाही, पण तिच्या बीजापासून गर्भ तयार होऊ शकतो. हे मुलीला सविस्तर, तिच्यासमोर बसून सांगावं, परस्पर मोठ्यांच्या कानात नव्हे.

२६. ३४ व्या वर्षी पाळी बंद झाली. "वेळेआधी अंडाशय थकलं" असं सांगितलं. काहीच आशा नाही?

चाळिशीच्या आत अंडाशयांचं काम मंदावणं साधारण शंभरात एकीला होतं. रक्तात एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) वाढलेलं दिसतं. कारण बऱ्याचदा सापडत नाही, तरी गुणसूत्रांची तपासणी करतात, कारण त्याचा बहिणींशी आणि पुढच्या पिढीशी संबंध असू शकतो. अंडाशय कायमचं बंद पडतंच असं नाही, मधूनच जागं होतं. म्हणून ५ ते १० टक्के जणींना निदानानंतरही आपोआप दिवस राहतात. त्या भरवशावर किती थांबायचं आणि दात्या स्त्रीच्या बीजाचा विचार कधी करायचा, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. गर्भाशय ठीक असेल तर त्या मार्गाने यशाची शक्यता बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयावर जास्त अवलंबून असते.

मूल हवं असो वा नसो, हाडं आणि हृदयासाठी हार्मोनच्या गोळ्या पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत घ्याव्या लागतात. आणि मूल नको असेल तर वेगळी साधनं वापरा. या हार्मोनच्या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत.